गळती-मापक गप्प, तरी मोबाइल कंपनीची तक्रार: केबल नेटवर्कमधली भोकं शोधायची कशी?

एका छोट्या केबल ब्रॉडबँड नेटवर्कची देखभाल पाहणाऱ्या तंत्रज्ञाचा प्रश्न आहे. त्यांचं गळती-मापक (केबलमधून बाहेर निसटणारा सिग्नल मोजणारं उपकरण) १३८ मेगाहर्ट्झवर लावलेलं आहे आणि अख्खा नोड (एका वितरण-पेटीवर चालणारा भाग) फिरूनही ते काही दाखवत नाही. तरीही मोबाइल कंपनीने कळवलं आहे की ७०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात याच भागातून नॉइज येतो. शिवाय त्याच नोडवर संध्याकाळ झाली की अपस्ट्रीमचा (ग्राहकाकडून कंपनीकडे जाणाऱ्या सिग्नलचा) एसएनआर, म्हणजे नॉइजच्या मानाने सिग्नलची ताकद, पडतो आणि मोडेम ऑफलाइन जातात. दोन्हीचं मूळ एकच आहे का, ते शोधायचं कसं, आणि अपस्ट्रीम २०४ मेगाहर्ट्झपर्यंत वाढवण्याआधी काय करून घ्यावं, असं त्यांनी विचारलं आहे.

मूळ एकच असू शकतं, पण तसं धरून कामाला लागू नका. ज्या भोकातून आपला सिग्नल बाहेर जातो त्याच भोकातून बाहेरचा नॉइज आत शिरतो, हे आपण सगळे शिकतो आणि ते खरंही आहे. मात्र प्रत्येक भोक सगळ्या फ्रिक्वेन्सींना सारखंच उघडं नसतं, हे सहसा कोणी सांगत नाही. तुमचं मापक बिघडलेलं नाही. ते १३८ वर ऐकतं आहे, आणि १३८ वर तुमच्या नेटवर्कमधून बहुधा खरोखरच फारसं काही बाहेर पडत नाही. त्यावरून ७५० वरही नेटवर्क बंदिस्त आहे असा निष्कर्ष काढला, तिथे गाडी चुकली.

हे असं का होतं ते आधी नीट समजून घ्या, कारण पुढचा सगळा शोध त्यावरच चालतो. कोॲक्स केबलमध्ये आपला सिग्नल शील्डच्या (मधल्या तारेभोवतीच्या धातूच्या वेष्टनाच्या) आतल्या पृष्ठभागावरून वाहतो आणि बाहेरचा नॉइज बाहेरच्या पृष्ठभागावरून. १०० मेगाहर्ट्झला ॲल्युमिनियममध्ये प्रवाह जेमतेम ८ मायक्रॉन खोल शिरतो, त्यामुळे शील्ड अखंड असेल तर हे दोन प्रवाह एकमेकांना भेटतच नाहीत. शील्ड दोन तऱ्हांनी बिघडते. एक म्हणजे तिला चीर किंवा फट पडते. फट ही स्लॉट अँटेनासारखी वागते आणि तिची लांबी तरंगलांबीच्या मानाने किती आहे यावर सगळं ठरतं. अर्ध्या इंची हार्डलाइनच्या (धातूच्या नळीसारखं शील्ड असलेल्या मुख्य केबलच्या) भोवती पूर्ण गोल चीर गेली तर तिची लांबी साधारण ४ सेंटिमीटर होते. ७५० मेगाहर्ट्झला तरंगलांबी ४० सेंटिमीटर असते, म्हणजे ती चीर तिच्या दहाव्या हिश्श्याइतकी. १३८ मेगाहर्ट्झला तरंगलांबी जवळपास २.२ मीटर, म्हणजे तीच चीर पन्नासाव्या हिश्श्याहून लहान. पहिल्या ठिकाणी ती बऱ्यापैकी अँटेना आहे, दुसऱ्या ठिकाणी जवळपास काहीच नाही.

दुसरी तऱ्हा म्हणजे शील्डचा सांधा गंजतो किंवा सैल होतो. फट दिसत नाही, पण शील्डच्या वाटेत रोध तयार होतो. घरातल्या वायरिंगमधून, मोटारींमधून, स्वस्त चार्जरमधून आलेला नॉइज शील्डच्या बाहेरून वाहत येतो, त्या रोधावर व्होल्टेज तयार करतो आणि ते थेट आपल्या सिग्नलच्या पंगतीत जाऊन बसतं. हा प्रकार ५ ते ४० मेगाहर्ट्झच्या भागात सगळ्यात जास्त त्रास देतो, कारण तिथे ड्रॉप केबलची (खांबावरून घरात जाणाऱ्या केबलची) लांबी आणि घरातली वायरिंग मिळून चांगली अँटेना बनते आणि या पट्ट्यात शॉर्टवेव्हपासून २७ मेगाहर्ट्झच्या सिटिझन बँडपर्यंत सगळी वर्दळ असते.

तेव्हा कुठली फ्रिक्वेन्सी ओरडते आहे यावरून भोक कसलं असेल याचा अंदाज बांधता येतो. ७५० वर गळती आणि १३८ वर शांतता असेल तर चिरलेली हार्डलाइन, नीट न बसलेलं ॲम्प्लिफायरचं झाकण, सैल टॅपप्लेट (टॅपचं, म्हणजे जिथून घरांच्या जोडण्या फुटतात त्या डबीचं, झाकण) यांचा संशय आधी घ्या. अपस्ट्रीमच्या तळाशी नॉइज असेल तर सैल आणि गंजलेले कनेक्टर, ड्रॉप आणि घरं. १३८ आणि ७५० दोन्हींवर जोरदार गळती असेल तर काहीतरी अक्षरशः उघडं पडलं आहे: तुटलेला ड्रॉप, जाळी सोलून निघालेला सांधा, कोणी स्वतः पिळून जोडलेली तार.

आता मोजमापाचं गणित, कारण इथेच बरेच जण अडकतात. अर्धतरंग डायपोलसाठी (अर्ध्या तरंगलांबीच्या साध्या अँटेनासाठी) सूत्र सोपं आहे: क्षेत्रतीव्रता मायक्रोव्होल्ट प्रति मीटरमध्ये = ०.०२१ × मेगाहर्ट्झमधली फ्रिक्वेन्सी × अँटेनाच्या टोकाशी आलेले मायक्रोव्होल्ट. ३ मीटरवर २० मायक्रोव्होल्ट प्रति मीटर ही अमेरिकेच्या एफसीसीची ५४ ते २१६ मेगाहर्ट्झसाठीची जुनी मर्यादा जगभर मोजपट्टी म्हणून वापरली जाते. १३८ वर या तीव्रतेला डायपोलमधून सुमारे ६.९ मायक्रोव्होल्ट, म्हणजे -४३ डीबीएमव्ही (१ मिलिव्होल्टच्या तुलनेत डेसिबलमध्ये मोजलेली लेव्हल) मिळतात. तेवढ्याच तीव्रतेला ७५० वर मिळतात फक्त १.२७ मायक्रोव्होल्ट, म्हणजे -५८ डीबीएमव्ही. अँटेना लहान झाली म्हणून जवळपास १५ डीबी गेले. ७५० ला डायपोल जेमतेम १९ सेंटिमीटरचा असतो, १३८ ला मीटरभराचा.

त्यात तो सिग्नल डिजिटल. ८ मेगाहर्ट्झ रुंदीत सामान्य तापमानाला औष्णिक नॉइजच सुमारे -५६ डीबीएमव्ही असतो. म्हणजे ७५० वर २० मायक्रोव्होल्टची गळती स्पेक्ट्रम ॲनालायझरवर नॉइजच्या खालीच राहते. पूर्वी ॲनालॉग चित्राचा वाहक एका बारीक रेषेत सगळी ताकद घेऊन उभा असायचा, म्हणून साधं मापकही त्याला पकडायचं. क्वाम चॅनेल (केबलवरचा डिजिटल चॅनेल) ती ताकद पूर्ण रुंदीभर पसरवतो. ३० किलोहर्ट्झच्या फिल्टरने ८ मेगाहर्ट्झचा चॅनेल पाहिलात तर २४ डीबी कमी दिसतं. नुसता ॲनालायझर आणि अँटेना घेऊन फिरणाऱ्याला "काही नाही" असंच दिसणार.

यावर तीन उपाय प्रचलित आहेत. पहिला, दोन क्वाम चॅनेलांच्या मधल्या फटीत हेडएंडवरून (कंपनी जिथून सिग्नल सोडते त्या केंद्रावरून) एक बारीक खूण-वाहक घालायचा, लेव्हल शेजारच्या चॅनेलपेक्षा बरीच खाली ठेवून, आणि मापकाला फक्त तीच खूण ओळखायला लावायची. दुसरा, हेडएंडवर क्वामचा नमुना घेऊन तो वायरलेसने गाडीतल्या मापकाकडे पाठवायचा आणि तिथे हवेतून आलेल्या सिग्नलशी त्याची जुळणी करायची. जुळणी करणारं उपकरण नॉइजच्या खूप खाली गाडलेली गळती वर काढतं आणि विलंबावरून अंतरही सांगतं. तिसरा, डॉक्सिस ३.१ या केबल इंटरनेटच्या प्रमाणातल्या ओएफडीएम (अनेक बारीक उपवाहकांच्या) चॅनेलमधले सतत चालणारे पायलट, म्हणजे ठरावीक खुणेचे वाहक, ओळखायचे. छोट्या नेटवर्कला खूण-वाहक सगळ्यात परवडतो. पण एक अट पाळा: एक खूण खाली आणि एक खूण ६०० च्या वर, अशा दोन्ही हव्यात. एकच घालायची वेळ आली तर मी वरची घालेन. मात्र विमानवाहतुकीच्या १०८ ते १३७ आणि २२५ ते ४०० मेगाहर्ट्झमध्ये तुमचा सिग्नल चालत असेल तर खालचं मोजमाप सोडायची मुभाच नाही. १२१.५ आणि २४३ या आपत्कालीन फ्रिक्वेन्सी आहेत, विमान उतरताना ज्याच्या भरवशावर असतं तो लोकलायझर १०८ ते ११२ मध्ये आणि ग्लाइड स्लोप ३२९ ते ३३५ मध्ये असतो. तिथे गळती म्हणजे कोणाच्या तरी जिवाशी खेळ आहे.

मर्यादेबद्दल आणखी एक गोष्ट. त्याच नियमात २१६ मेगाहर्ट्झच्या वर मर्यादा आहे ३० मीटरवर १५ मायक्रोव्होल्ट प्रति मीटर. अंतर दहापट कमी केलं की तीव्रता दहापट वाढते, म्हणजे ३ मीटरवर १५०. कागदावर ही खालच्या पट्ट्यापेक्षा बरीच सैल मर्यादा आहे, आणि ती ठरली तेव्हा ७०० मध्ये मोबाइल टॉवर नव्हते. आज ३ मीटरवर १०० मायक्रोव्होल्टची गळती नियमात बसेल आणि तरीही शेजारच्या टॉवरचं ऐकणं बंद पाडेल. तुमच्याकडे लागू असलेली मर्यादा नियामकाच्या कागदातून पाहून घ्या, पण आतल्या कामासाठी वरच्या पट्ट्यालाही ३ मीटरवर २० हीच रेषा धरा.

आता तुमच्या तक्रारीकडे. गाडी बाहेर काढण्याआधी टेबलावर बसून दोन-तीन गोष्टी करता येतात, आणि त्या केल्याशिवाय बाहेर पडू नका. मोबाइल कंपनीला तीन गोष्टी विचारा: नेमकी कोणती फ्रिक्वेन्सी, टॉवरचा कुठल्या दिशेचा सेक्टर, आणि नॉइज दिवसभर असतो की ठरावीक वेळी. टॉवर ऐकतो तो फोनकडून येणारा अपलिंक, उदाहरणार्थ बँड २८ मध्ये ७०३ ते ७४८. तुमचे कुठले चॅनेल त्या भागात आहेत ते पाहा. त्यांच्या आलेखात नॉइजची उंची तुमच्या चॅनेलांच्या कडांवर, ६ किंवा ८ मेगाहर्ट्झच्या पायऱ्यांनी बदलत असेल तर तो सिग्नल बहुधा केबलचाच आहे. आणि खात्री करायची तर रात्री कमी वापराच्या वेळी त्यांच्या माणसाला फोनवर घेऊन तो एक चॅनेल मिनिटभर बंद करा. त्यांचा नॉइज त्याच क्षणी पडला तर वाद संपला. पडला नाही तर तुम्ही अनेक दिवसांची पायपीट वाचवली. कित्येक तक्रारी शेवटी बिघडलेल्या सिग्नल बूस्टरच्या किंवा दुसऱ्याच कोणाच्या निघतात.

दुसरं साधन तुमच्या ग्राहकांच्या घरातच बसलेलं आहे. आजचे बहुतेक मोडेम पूर्ण डाउनस्ट्रीमचं (ग्राहकाकडे येणाऱ्या सिग्नलचं) स्पेक्ट्रम टिपून पाठवू शकतात. ज्या भोकातून तुमचा ७५० बाहेर जातो त्याच भोकातून टॉवरचा डाउनलिंक आत येतो, बँड २८ असेल तर ७५८ ते ८०३ मध्ये. तिथे तुमचा चॅनेल नसेल तर मोडेमच्या चित्रात एलटीईचा (४जी मोबाइल सिग्नलचा) सपाट डोक्याचा उंचवटा चक्क दिसतो. तिथे क्वाम असतील तर उंचवटा त्यांच्याखाली झाकला जातो, पण ओएफडीएम चॅनेल असेल तर प्रत्येक उपवाहकाचा एमईआर (सिग्नल किती स्वच्छ आहे त्याचं माप) पाहा. उपवाहक २५ किंवा ५० किलोहर्ट्झच्या अंतराने असतात, त्यामुळे टॉवरच्या पट्ट्याच्या बरोबर रुंदीचा खड्डा स्पष्ट उमटतो. सगळ्या मोडेमची ही माहिती नकाशावर मांडा. एकाच घरात खड्डा असेल तर दोष त्या घरात किंवा ड्रॉपमध्ये आहे. एका टॅपवरच्या सगळ्या घरांत असेल तर टॅपवर किंवा त्याआधी. एका ॲम्प्लिफायरनंतरच्या सगळ्यांत असेल तर त्या ॲम्प्लिफायरच्या आसपास. ८८ ते १०८ चा एफएम पट्टा रिकामा असेल तर तोही पाहा, कुठल्या घरात रेडिओ स्टेशनं आत शिरली आहेत ते त्यावरून कळतं.

प्री-इक्वलायझेशनची (केबलमधली विकृती भरून काढायला मोडेम आपल्या सिग्नलमध्ये करतो त्या दुरुस्तीची) माहितीही याच वेळी काढा. खराब सांध्याजवळ बहुतेक वेळा सिग्नल परततो आणि स्पेक्ट्रमवर लाटा उमटतात. दोन लाटांमधलं अंतर मेगाहर्ट्झमध्ये मोजा आणि १५० ला केबलच्या वेगगुणांकाने गुणून त्या अंतराने भागा. मीटरमध्ये दोन दोषांमधलं अंतर मिळतं. ड्रॉपचा वेगगुणांक ०.८५ धरला आणि लाटा २.५ मेगाहर्ट्झच्या असतील तर ५१ मीटर. ड्रॉपची लांबी तेवढीच असेल तर दोन्ही टोकांकडे संशयाने पाहा.

आता गाडी. अँटेना छतावर, जीपीएस जोडलेलं, वेग अगदी कमी. गळती दिसली की त्या जागेची नोंद करून पुढे जा, पहिल्या फेरीत उतरून शोधत बसू नका. अंतराचा हिशोब लावायला विसरू नका: रस्त्यावरून १२ मीटर लांबच्या केबलचं रीडिंग ३ मीटरच्या हिशोबात आणायला त्याला चारने गुणावं लागतं, म्हणजे १२ डीबी वाढवावे लागतात. हे न करणारे लोक लांबच्या मोठ्या गळतीला लहान समजून सोडून देतात.

पायी शोधताना एक गोष्ट सगळ्यात जास्त फसवते. कौलारू छपरातून थेंब जिथे पडतो तिथलंच कौल फुटलेलं असतं असं नाही. पाणी वाशावरून वाहत येऊन भलतीकडे टपकतं. गळतीचंही तसंच होतं. बाहेर पडलेला प्रवाह शील्डच्या बाहेरून आणि आधाराच्या पोलादी तारेवरून वाहत जातो, खांबावरच्या अर्थिंगपर्यंत पोचतो, परततो आणि उभ्या लहरी तयार करतो. त्यामुळे दर अर्ध्या तरंगलांबीला एक कमाल सापडते, ७५० वर दर २० सेंटिमीटरला. कधी सगळ्यात मोठं रीडिंग भोकापासून दोन खांब पलीकडेही येतं. म्हणून पहिल्या कमालीवर चढून कनेक्टर बदलू नका. डायपोल आडवा-उभा फिरवून प्रत्येक जागी कमाल शोधा, दोन-तीन वेगळ्या जागांवरून दिशा घ्या, मग मापकाची संवेदनशीलता कमी करत जवळ जा. शेवटच्या मीटरभरात डायपोल ठेवून द्या आणि लहान निअर-फील्ड प्रोब घ्या. तो भोकाला अगदी लागूनच वाजतो. मग शंका असलेला सांधा हलकेच हलवा. रीडिंग उडालं तर जागा सापडली.

इथे थांबून सुरक्षेचं सांगतो. ड्रॉप काढण्याआधी शील्ड आणि जमीन यांच्यात व्होल्टेज आणि शील्डमधून वाहणारा प्रवाह मोजा, प्रत्येक वेळी. घराच्या वीजपुरवठ्याचा न्यूट्रल तुटलेला असेल तर घराचा सगळा परतीचा प्रवाह तुमच्या केबलच्या शील्डमधून वाहत असतो. तसा ड्रॉप तुम्ही हाताने सोडवला की दोन टोकांमध्ये जीवघेणं व्होल्टेज उभं राहतं. प्रवाह सापडला तर ड्रॉपला हात लावू नका, वीज कंपनीला बोलवा. ट्रंकवर (मुख्य केबलवर) तर आपलाच ६० ते ९० व्होल्टचा पुरवठा असतो, तोही विसरू नका.

सापडलेल्या दोषांमध्ये हार्डलाइनची चीर बहुधा कनेक्टरच्या मागे किंवा एक्स्पान्शन लूपच्या (केबलला लांबायला-आखडायला ठेवलेल्या वळणाच्या) वाकावर सापडते. कारण तापमान. ॲल्युमिनियमची १०० मीटर केबल ३० अंशांच्या फरकाने जवळपास ७ सेंटिमीटर लांबते आणि आखडते. आधाराची पोलादी तार निम्मीच हलते. हा फरक रोज त्या लूपमध्ये जिरतो, आणि लूप उथळ असेल किंवा वळण तीव्र असेल तर धातू थकून चिरतो. अशा चिरेवर टेप किंवा फॉइल गुंडाळणं ही दुरुस्ती नाही. गुंडाळल्यावर रीडिंग उतरतं, म्हणून मोह होतो, पण चीर वाढत राहते आणि पाणी आत जातं. चिरलेला भाग चांगल्या केबलपर्यंत कापून काढा, लूप नियमाप्रमाणे नव्याने घाला. मधल्या तारेची लांबी कनेक्टरने सांगितल्याप्रमाणे ठेवा. आखूड ठेवली तर पहिल्याच गारठ्यात ती पकडीतून ओढली जाते.

ॲम्प्लिफायर आणि टॅपच्या झाकणात दोन सील असतात, एक पाण्यासाठी रबराचं आणि एक आरएफसाठी धातूच्या जाळीचं. जाळीवर माती, पांढरी गंज किंवा रंग बसला असेल तर झाकण कितीही आवळलं तरी सिग्नल बाहेर येणारच. जाळी साफ करा, दबलेली असेल तर बदला. बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने, दोन-तीन टप्प्यांत आवळा. एकाच बाजूने पूर्ण आवळलं की दुसऱ्या बाजूला केसाएवढी फट राहते, आणि ७५० ला तेवढी पुरते. तुमच्या तक्रारीत माझा पहिला संशय इथेच आहे, कारण ट्रंक आणि टॅपवर सिग्नलची लेव्हल घरापेक्षा कितीतरी जास्त असते. टॉवरला त्रास होण्याइतकी गळती बहुधा उंचावरच्या आणि मोठ्या लेव्हलच्या जागेतून येते.

ड्रॉपवरचे एफ कनेक्टर कॉम्प्रेशनचेच हवेत. पिळून बसवायचे आणि षटकोनी दाबाचे जुने कनेक्टर दिसले की बदला, चांगले वाटत असले तरी. जाळी मागे नीट वळवलेली असावी, पांढरा डायइलेक्ट्रिक (मधल्या तारेभोवतीचा फोम) कनेक्टरच्या आतल्या तोंडाशी समपातळीत असावा. टॅपवर टॉर्क पान्याने सुमारे ३.४ न्यूटन-मीटर, म्हणजे ३० इंच-पौंड. हाताने घट्ट केलेला कनेक्टर काही महिन्यांत सैल होतो. मोडेम आणि टीव्हीच्या पोर्टवर मात्र एवढा जोर लावू नका, आतला जॅक सर्किट बोर्डावर बसवलेला असतो. रिकाम्या टॅप पोर्टवर टर्मिनेटर (उघडं तोंड बंद करणारी टोपी) हवाच. केबल नव्याने घेत असाल तर शील्डिंगचा वर्ग पाहून घ्या. युरोपीय प्रमाणातला ए-प्लस-प्लस वर्ग ३० ते १००० मेगाहर्ट्झमध्ये १०५ डीबी शील्डिंग देतो, साधा ए वर्ग ८५. ते २० डीबी मोबाइलच्या पट्ट्यात लाखमोलाचे असतात.

संध्याकाळचा एसएनआर हे बहुधा वेगळं प्रकरण आहे, आणि दोन कारणं एकमेकांत मिसळलेली असू शकतात. संध्याकाळी घराघरांत उपकरणं चालू होतात, म्हणजे नॉइजचे स्रोत जागे होतात. त्याच वेळी तापमान उतरतं, धातू आखडतो आणि दिवसा कसाबसा टेकलेला सांधा उघडतो. कुठलं कारण आहे ते नोंदींवरून ठरवा: एसएनआर रोज ठरावीक वेळी पडतो की तापमानाबरोबर सरकतो? ढगाळ दिवशी काय होतं?

अपस्ट्रीमचा शोध नोडपासून खाली करा. नोडवर आणि प्रत्येक ॲम्प्लिफायरवर २० डीबीचे टेस्ट पॉइंट असतात, तिथे स्पेक्ट्रम मॅक्स-होल्डवर (प्रत्येक फ्रिक्वेन्सीचं कमाल रीडिंग धरून ठेवणाऱ्या सोयीवर) ठेवून नॉइजचा आकार ओळखा. सुयांसारख्या रेषा म्हणजे शॉर्टवेव्ह स्टेशनं. तळाशी उतरता डोंगर म्हणजे घरांमधला स्विचिंग नॉइज. पूर्ण तळ सपाट वर उचलला गेला असेल तर कॉमन पाथ डिस्टॉर्शनचा संशय घ्या: गंजलेला सांधा डायोडसारखा वागतो आणि डाउनस्ट्रीमचे चॅनेल एकमेकांत मिसळून त्यांचे तुकडे अपस्ट्रीममध्ये टाकतो. ॲनालॉगच्या काळात हे ६ किंवा ८ मेगाहर्ट्झच्या अंतरावर सुया दाखवायचं, सगळं डिजिटल असताना ते नुसता उचललेला तळ दाखवतं, म्हणून लोक त्याला इनग्रेस (बाहेरून शिरलेला नॉइज) समजून घरं पालथी घालतात. फरक ओळखायचा सोपा मार्ग: डाउनस्ट्रीमची लेव्हल थोडा वेळ खाली आणा. तळही उतरला तर तो इनग्रेस नाही.

शाखा शोधायला अपस्ट्रीमच्या वाटेतला ६ डीबीचा स्विच वापरा. एका शाखेवर ६ डीबी घातल्यावर नोडवर नॉइज ६ डीबी उतरला तर तीच शाखा. न उतरला तर पुढची. सेवा तुटत नाही, आणि अर्ध्या-अर्ध्याने वाटणी करत गेलात तर लवकर टॅपपर्यंत पोचता. टॅपवर एकेक ड्रॉप काढून पाहायचं ते सगळ्यात शेवटी.

घर सापडल्यावर आत काय आहे ते दाब-चाचणीने पाहा. ड्रॉप टॅपवरून पूर्ण काढा, घराच्या वायरिंगमध्ये मोठ्या लेव्हलचा चाचणी-सिग्नल सोडा, साधारण ४० डीबीएमव्ही आणि त्याहून जास्त, विमानवाहतुकीच्या पट्ट्याबाहेरच्या फ्रिक्वेन्सीवर. मग प्रोब घेऊन घरात फिरा. भिंतीआडचा खिळ्याने भोसकलेला तुकडा, सोफ्यामागचा जुना स्प्लिटर, आतूनच शील्ड नसलेला जुना टीव्ही, सगळं बोलू लागतं. सिग्नल सोडण्याआधी ड्रॉप टॅपला लागलेला नाही हे दोनदा तपासा.

प्रत्येक दुरुस्तीनंतर त्याच जागी, त्याच अंतरावर, दोन्ही फ्रिक्वेन्सींवर पुन्हा मोजा आणि लिहून ठेवा. कनेक्टर बदलला म्हणजे काम झालं, असं धरू नका. मोठी गळती गेली की तिच्याआड लपलेली दुसरी दिसू लागते, आणि ते जागेवर असतानाच दिसलेलं बरं.

राहिला २०४ चा प्रश्न. अपस्ट्रीम ५ ते २०४ केला की डाउनस्ट्रीम २५८ पासून सुरू होतो. म्हणजे १३८ वर हेडएंडवरून येणारा सिग्नलच उरत नाही आणि तुमचं आजचं मापक त्या दिवसापासून निरुपयोगी होतं. पण १०८ ते १३७ चा विमानवाहतुकीचा पट्टा केबलमध्ये असतोच, फक्त आता तिथे ग्राहकाचा मोडेम बोलतो. आणि तो फार मोठ्याने बोलतो. घरात डाउनस्ट्रीम ० डीबीएमव्हीच्या आसपास असतो, मोडेम मात्र ४० ते ५० डीबीएमव्हीने पाठवतो. ४० डीबीचा फरक म्हणजे व्होल्टेज शंभरपट. घरातल्या ज्या सैल कनेक्टरची गळती आज मोजण्याइतकीही नाही, तीच उद्या मर्यादेच्या कितीतरी वर जाऊ शकते. शिवाय मोडेम सतत बोलत नाही, तुकड्या-तुकड्यांत बोलतो, त्यामुळे गाडीतलं मापक जाताना तो गप्पच असू शकतो. यासाठी डॉक्सिस ३.१ मध्ये चाचणीचे ठरावीक बर्स्ट मोडेमकडून पाठवून घेण्याची सोय आहे, त्यांना ओयूडीपी बर्स्ट म्हणतात. तुमचा सीएमटीएस (हेडएंडवरचं, मोडेमशी बोलणारं यंत्र) आणि मोडेम ते देतात का, आणि नवं मापक ते ओळखतं का, हे खरेदीच्या आधी लेखी विचारा.

बदलाआधीचं काम मी या क्रमाने करेन. सध्याच्या मापकाने १३८ वर घरांच्या जवळून एक पूर्ण फेरी, पण मर्यादा २० ऐवजी ५ मायक्रोव्होल्ट धरून. मोडेमच्या स्पेक्ट्रममध्ये एफएम पट्टा दिसणाऱ्या सगळ्या घरांची यादी, आणि त्या प्रत्येक घरात कनेक्टर आणि स्प्लिटर बदल. रिकाम्या घरांचे ड्रॉप टॅपवरूनच काढून तिथे टर्मिनेटर. वरच्या फ्रिक्वेन्सीच्या गळत्या त्याआधीच बंद, कारण झाकणं आणि टॅपप्लेट तुम्हाला ॲम्प्लिफायरचे फिल्टर बदलताना उघडावीच लागणार आहेत. उघडलेलं प्रत्येक झाकण टॉर्क पान्यानेच बंद होईल, एवढं मात्र काम देतानाच ठरवून घ्या. नोड नव्या पट्ट्यावर आल्यावर पहिल्याच आठवड्यात ओयूडीपी बर्स्टवर फेरी मारा, आणि विमानतळाच्या जवळचे नोड त्या यादीत सगळ्यात वर ठेवा.